गोण्यांचा हिशेब

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. बेल्हे, राजुरी, ओतूर, बोटा इथून सकाळच्या एसटीने या परिसरातल्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुलामुलींना पदवीनंतरच्या वाटाही बहुधा दोनच ठळक दिसतात: पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, नाहीतर चाकणच्या कंपनीत नोकरी. घरचा कांदा आहेच, पण त्याला कोणी करिअर म्हणत नाही. आपला हात नेमका कोणत्या कामाला वळतो, हे या वयात कोणी विचारत नाही आणि परीक्षेच्या पेपरातून ते कळतही नाही. ते कळण्याची एक जागा महाविद्यालयातच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर ही ती जागा. अट एकच: तिथे मुलांच्या हाती नुसते फावडे न देता जबाबदारीही द्यायला हवी.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि एक मुक्कामी शिबिर पूर्ण करायचे, असा तिचा साचा. शिबिर भरते जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात. पहाटे प्रार्थना, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी घरोघर सर्वेक्षण, रात्री दिवसाचा आढावा. कागदावर हे वेळापत्रक सरळ दिसते. अणे पठारासारख्या कोरड्या भागात ओढ्यावर गोण्यांचा वनराई बंधारा घालायचा ठरला की त्यातला गुंता कळू लागतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आधी गोळा कराव्या लागतात, म्हणजे बांधकामवाल्यांकडे आणि दुकानदारांकडे हेलपाटे आले. गोण्या माती-वाळूने भरून तोंडे सुतळीने शिवायची, थर विटांसारखे सांधे चुकवून रचायचे, फटींत चिकणमाती दाबायची. शंभर गोण्या कमी पडल्या तर ट्रॅक्टर कोणाचा मागायचा, डिझेलचे पैसे कोणत्या पावतीवर दाखवायचे, पन्नास जणांचे जेवण तासभर लांबले तर श्रमदान कधी थांबवायचे, हे सगळे ओढ्याच्या काठीच ठरवावे लागते. शिवाय शिबिराची तारीख परीक्षांच्या वेळापत्रकावरून ठरते आणि ओढा मात्र त्याच्या वेळेला आटतो. वाहते पाणी सरल्यावर घातलेला बंधारा काय अडवणार? ही चूक आढाव्यात एखाद्या स्वयंसेविकेने बोलून दाखवली, तर नियोजन म्हणजे काय हे तिला त्या रात्री कळलेले असते.

माझ्या मते करिअरची दिशा इथे घडते, ती मंचावरच्या भाषणात घडत नाही. किराण्याची यादी करून उरलेले पैसे पावत्यांसह परत देणाऱ्याला हिशेबातली गोडी कळते. सर्वेक्षणात, आधी काही न सांगणाऱ्या घरातून माहिती मिळवणारीला समाजकार्य किंवा कृषिविस्तार हे आपले क्षेत्र वाटू शकते. आणि चार माणसांना कामाला लावणे आपल्याला जमत नाही, एकट्याने नीट काम करणे जमते, हे कळणेही तितकेच मोलाचे, कारण त्यामुळे पुढची पाच वर्षे भलत्या वाटेवर जात नाहीत. कामातून शिकण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे विद्यार्थीच करीत. त्याच परंपरेतले पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

यावर पहिला आक्षेप असा की नेतृत्व मुळात असणाऱ्यांनाच नेतेपद मिळते; शिबिर काही घडवत नाही, फक्त दाखवते. आक्षेप वजनदार आहे. पीटर कुन आणि कॅथरीन वाइनबर्गर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी अभ्यासात, शाळेत संघनायक किंवा मंडळाचे अध्यक्ष राहिलेल्या पुरुषांची कमाई पुढे ४ ते ३३ टक्के अधिक आढळली, आणि तीही बौद्धिक चाचण्यांतला फरक वजा करून. त्यातले किती उपजत आणि किती कमावलेले, हा वाद संपत नाही. पण आपल्याकडे तर उपजत गुण दिसण्याचीही संधी कमी. १९९४ च्या राज्याच्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका थांबल्या, प्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, पण त्या लांबतच गेल्या. निवडणुकांतली मारामारी थांबली हे चांगलेच झाले. मात्र पहिल्या बाकावरच्याकडेच पद जाऊ लागले आणि मागच्या बाकावरची, घरी गोठा सांभाळून येणारी मुलगी काय करू शकते, हे पाहायचेच राहिले.

दुसरा आक्षेप पालकांचा: या सात दिवसांत अभ्यास बुडतो. बुडतो, हे मान्य करायला हवे. पण स्पर्धा परीक्षेचे अपयश पचवून परत येणाऱ्याच्या हाती पर्याय असावा लागतो, आणि पर्याय ओळखींतून येतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन शहरात नोकरदारांना विचारले, तेव्हा ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी बहुतेकांना त्याची खबर रोजच्या मित्रांकडून आली नव्हती, अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसांनी ती दिली होती. शिबिरातला सरपंच, ग्रामसेवक, ट्रॅक्टरमालक, कृषी सहायक ही नेमकी तशी माणसे आहेत. त्यांच्याशी बोलण्याचे काम शिबिर चालवणाऱ्या एकट्या कार्यक्रम अधिकाऱ्याने केले, तर ती ओळख अधिकाऱ्याची राहते.

म्हणून महाविद्यालयांना विनंती आहे: येत्या शिबिरात गटप्रमुख रोज बदला, किराण्याची वही आणि रोख रक्कम मुलांच्या हाती द्या, ट्रॅक्टर मागायला मुलींनाही पाठवा, आणि सातव्या रात्री बंधाऱ्याच्या लांबीबरोबर चुकलेला हिशेबही सगळ्यांसमोर वाचून दाखवा.