अंश तोच, छेद आकसला : ग्रीसच्या काटकसरीची आठ वर्षे

२००९ च्या अखेरीस ग्रीसच्या सरकारवर सुमारे ३०० अब्ज युरो कर्ज होते. २०१४ च्या अखेरीस ते सुमारे ३२० अब्ज युरो होते. मधल्या पाच वर्षांत सरकारी नोकरांचे पगार कापले गेले, निवृत्तिवेतने एकामागून एक घटवली गेली, मूल्यवर्धित कर १९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेला, रुग्णालयांचा खर्च छाटला गेला. खासगी रोखेधारकांना आपल्या मुद्दलाच्या निम्म्याहून अधिक रकमेवर पाणी सोडावे लागले. एवढे सगळे होऊनही कर्जाचे जीडीपीशी असलेले प्रमाण १२७ टक्क्यांवरून १८० टक्क्यांच्या आसपास पोचले. कर्ज फारसे वाढले नव्हते, देशाचे उत्पन्नच खाली आले होते. भागाकारातला अंश जवळपास तोच राहिला आणि छेद आकसला.

सरकारने हात आखडता घेतला की अर्थव्यवस्था सावरते का, हा वाद जुना आहे. मंदीच्या काळात तिजोरी आवळू नये, ते काम भरभराटीच्या काळाचे, असे जॉन मेनार्ड केन्स १९३७ मध्ये लिहीत होता. पण या वादाची इतकी मोठी, इतकी लांबलेली आणि इतकी नोंदवलेली परीक्षा शांततेच्या काळात दुसऱ्या कुठल्या देशाने क्वचितच दिली असेल. म्हणून ग्रीसकडे नीट पाहायला हवे.

आधी ग्रीसच्या पदरात त्याचे माप घालू. ऑक्टोबर २००९ मध्ये जॉर्ज पापांद्रेऊ यांचे सरकार आले आणि अर्थमंत्र्यांनी युरोपला सांगितले की तूट आधी कळवल्याच्या दुपटीहून जास्त, १२ टक्क्यांच्या वर आहे. अंतिम आकडा १५ टक्क्यांपुढे गेला. म्हणजे आधीची आकडेवारी खोटी होती. करचुकवेगिरी राजरोस चाले. अथेन्सच्या उत्तरेकडील श्रीमंत उपनगरांत करविवरणात आपल्या घरी पोहण्याचा तलाव असल्याचे ३२४ जणांनीच कबूल केले होते. अधिकाऱ्यांनी उपग्रहाची छायाचित्रे पाहिली, तेव्हा तलाव निघाले १६,९७४. आणि कर्जावरचे व्याज बाजूला ठेवले तरी सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा जीडीपीच्या सुमारे १० टक्क्यांनी जास्त होता. सारे कर्ज एका रात्रीत माफ झाले असते, तरीही ग्रीसला खर्च कमी करावाच लागला असता. काटकसरीच्या समर्थकांचा हा मुद्दा बिनतोड आहे आणि त्याला बगल देऊन काहीही लिहिणे अप्रामाणिक ठरेल.

वाद आहे तो किती, कधी आणि कशाच्या जोडीने, याचा.

२३ एप्रिल २०१० रोजी पापांद्रेऊंनी तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळच्या कास्तेलोरिझो या छोट्या बेटावरून मदत मागत असल्याचे जाहीर केले. मे महिन्यात ११० अब्ज युरोंचे पॅकेज ठरले. त्यातले ८० अब्ज युरो गटातले देश आणि ३० अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधी देणार होता. नाणेनिधी, युरोपीय आयोग आणि युरोपीय मध्यवर्ती बँक या त्रयीला लोक ‘त्रोइका’ म्हणू लागले. तिच्या अटींमागे एक सिद्धान्त होता. आल्बेर्तो आलेसिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की सरकारने विश्वासार्ह रीतीने खर्च कापला की लोकांना भावी करवाढीची धास्ती उरत नाही, व्याजदर उतरतात, गुंतवणूकदार पुढे येतात आणि कपात चालू असतानाच अर्थव्यवस्था वाढू शकते. १९८० च्या दशकातल्या डेन्मार्क आणि आयर्लंडचे दाखले यासाठी दिले जात.

९ मे २०१० रोजी वॉशिंग्टनमध्ये नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळाची बैठक झाली. तिथली चर्चा पुढे फुटली, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. त्या टेबलाशी भारताचे प्रतिनिधी होते अरविंद वीरमानी. चलनविषयक धोरणाचा कसलाही आधार नसताना एवढी प्रचंड कपात पूर्वी कधी झालेली नाही, हे ओझे ग्रीसला पेलणार नाही, किमती, रोजगार आणि सरकारी महसूल एकापाठोपाठ घसरत जातील आणि अखेर हा कार्यक्रमच त्यामुळे धोक्यात येईल, असे त्यांनी बजावले. ब्राझीलच्या प्रतिनिधीनेही कडक आक्षेप घेतला. कार्यक्रम मंजूर झाला. भारताने १९९१ मध्ये याच नाणेनिधीचा दरवाजा ठोठावला होता, हे लक्षात घेतले तर वीरमानींच्या शब्दांचे वजन वाढते. त्या वर्षी जुलैच्या पहिल्याच आठवड्यात रुपयाचे दोन टप्प्यांत मिळून सुमारे १८-१९ टक्के अवमूल्यन झाले. निर्यातदाराला तात्काळ दिलासा मिळाला, आयात महागली आणि तूट कमी करताना बसणारा धक्का काही प्रमाणात चलनाने सोसला. विकासदर एक वर्ष दीड टक्क्याच्या खाली गेला आणि पुढच्याच वर्षी पाच टक्क्यांपार उसळला. ग्रीसकडे असा रुपया नव्हता. द्राख्मा त्याने २००१ मध्येच सोडला होता आणि युरोचा दर अथेन्समध्ये ठरत नव्हता.

मग जे चलनाने करायचे ते पगारांनी करायचे ठरले. अर्थशास्त्रात याला अंतर्गत अवमूल्यन म्हणतात. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन महिना ७५१ युरोंवरून ५८६ वर आणले गेले. पंचविशीच्या आतल्यांसाठी ५११ वर. मजुरी स्वस्त झाली की माल स्वस्त होईल, निर्यात वाढेल, असा हिशेब होता. पण ग्रीसची निर्यात जीडीपीच्या पाचव्या हिश्शाएवढीच होती. बाकीची अर्थव्यवस्था देशातल्याच लोकांच्या खरेदीवर चालत होती आणि त्यांचाच पगार कापला गेला होता. गृहकर्ज मात्र जुन्याच आकड्याचे राहिले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा आपल्याकडचा शहाणपणा एका घरासाठी अगदी खरा आहे. घरातल्या बाईने महिन्याचा किराणा कमी केला म्हणून तिच्या नवऱ्याचा पगार घटत नाही. देशाचे तसे नाही. सरकारचा खर्च हा कुणा शिक्षकाचा पगार असतो, त्या शिक्षकाचा खर्च ही कुणा दुकानदाराची कमाई असते आणि त्या दुकानदाराने भरलेला कर हे पुन्हा सरकारचे उत्पन्न असते. देशाने पाय आखडले की अंथरूणही आखडते. किती आखडते, त्यालाच गुणक म्हणतात आणि काटकसरीवरचा सगळा वाद शेवटी या एका संख्येपाशी येऊन ठेपतो. सरकारने एक युरो कापल्यावर अर्थव्यवस्था अर्ध्या युरोने आकसली, तर कर्जाचे प्रमाण लवकर सुधारू लागते. दीड युरोने आकसली, तर कापणारा बरीच वर्षे उलटा मागे जातो.

नाणेनिधीचे अंदाज गुणक अर्ध्याच्या आसपास असल्यासारखे बेतलेले होते. २०१२ पर्यंत ग्रीसचा जीडीपी २००९ च्या तुलनेत साडेपाच टक्क्यांनी घटेल, बेरोजगारी १५ टक्क्यांवर जाईल, असे भाकीत होते. जीडीपी घटला १७ टक्क्यांनी, बेरोजगारी गेली २५ टक्क्यांवर. पुढच्या वर्षी ती २७ टक्क्यांच्या वर होती आणि तरुणांमध्ये निम्म्याहून अधिक हातांना काम नव्हते. नाणेनिधीचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि त्यांचे सहकारी डॅनियल ली यांनी २०१२-१३ मध्ये अनेक देशांचे अंदाज आणि निकाल ताडून पाहिले. जिथे कपात जास्त, तिथे अंदाज जास्त चुकले होते. संकटाच्या काळात गुणक ०.९ ते १.७ यांच्या दरम्यान निघाला. जून २०१३ मध्ये नाणेनिधीने ग्रीसवरचा स्वतःचा मूल्यमापन अहवाल काढून आपले लक्षणीय अपयश नोंदवले. एवढ्या मोठ्या संस्थेने एवढ्या लवकर आपली चूक कागदावर मांडावी, हे मला आदराचे वाटते. पण तोवर कपातीची चाके फिरत होती आणि ती थांबली नाहीत.

त्याच सुमारास काटकसरवाद्यांचा दुसरा आधारही डळमळला. कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपुढे गेले की वाढ कोसळते, असा कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० चा निष्कर्ष मंत्र्यांच्या भाषणांत सर्रास वापरला जात होता. एप्रिल २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह दाखवून दिले, की एक्सेलच्या तक्त्यात पाच देश सरासरीतून सुटले होते आणि काही वर्षांची आकडेवारीही वगळलेली होती. ९० टक्क्यांहून अधिक कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का नव्हती, २.२ टक्के होती. जास्त कर्ज आणि मंद वाढ यांचे नाते यामुळे पुसले गेले नाही, पण ९० टक्क्यांचा कडेलोट उरला नाही.

काटकसरीच्या बाजूचा सर्वांत सबळ साक्षीदार लाटव्हिया आहे. २००८ च्या संकटानंतर या छोट्या बाल्टिक देशाने आपले चलन युरोशी बांधलेलेच ठेवले, सरकारी पगार झपाट्याने कापले आणि सगळी वेदना दोन वर्षांत उरकली. अर्थव्यवस्था पाचव्या हिश्शाने आकसली. तरीही २०१० मध्ये मतदारांनी पंतप्रधान वाल्दिस दोम्ब्रोव्स्किस यांना पुन्हा निवडले, २०११ पासून वाढ जोरात सुरू झाली आणि १ जानेवारी २०१४ रोजी देश युरो गटात दाखल झाला. हे यश खोटे नाही. पण संकटापूर्वी लाटव्हियाचे सरकारी कर्ज जीडीपीच्या १० टक्क्यांहूनही कमी होते. त्यामुळे छेद आकसला तरी प्रमाण हाताबाहेर गेले नाही. त्यात शेजारी स्वीडनसारखी धडधाकट गिऱ्हाइके होती. आणि लोक निघून गेले. २००० च्या जनगणनेत सुमारे २३ लाख ८० हजार लोक होते, २०११ च्या जनगणनेत २० लाख ७० हजार उरले. आधीपासूनच सुरू असलेली ही गळती मंदीने वाढवली. गेलेले लोक बेरोजगारीच्या आकड्यांतूनही जातात, हे विसरता येत नाही. ग्रीसमधूनही संकटाच्या पहिल्या काही वर्षांतच चार लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. त्यांत डॉक्टर आणि अभियंते मोठ्या संख्येने होते, ज्यांचे शिक्षण ग्रीसच्या करदात्यांनी केले होते.

कॅनडाने १९९५ पासून खर्च कापला आणि तरीही त्याची भरभराट झाली, हा दाखलाही वारंवार येतो. तेव्हा अमेरिकेत तेजी होती, कॅनडाचा डॉलर स्वस्त होता, व्याजदर उतरत होते. पोर्तुगालमध्ये आंतोनियो कोस्टा यांच्या सरकारने २०१५ नंतर पगार आणि निवृत्तिवेतनांतली कपात हळूहळू मागे घेतली आणि २०१९ मध्ये लोकशाही आल्यापासूनची पहिली शिल्लक दाखवली. वाढ आली तेव्हा तूट आपोआप भरत गेली. अर्थात तिथेही सार्वजनिक गुंतवणूक दाबून ठेवलेली होतीच.

व्याजदर उतरवणारा विश्वास कुठून आला, हेही पाहायला हवे. जुलै २०१२ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी लंडनमध्ये युरो टिकवण्यासाठी लागेल ते करू, अशी ग्वाही दिली. त्यानंतर स्पेन आणि इटलीचे व्याजदर उतरू लागले. त्या आठवड्यात कुणी नवा खर्च कापल्यामुळे ते घडले नाही. बँक पाठीशी उभी राहिली, म्हणून घडले.

ग्रीसला पर्याय काय होता, असा प्रश्न रास्तपणे विचारला जातो. माझे उत्तर असे, की खासगी रोखेधारकांवर जी कर्जकपात मार्च २०१२ मध्ये लादली गेली ती २०१० मध्येच करता आली असती आणि तुटीचे ओझे अधिक वर्षांत वाटता आले असते. ती तेव्हा झाली नाही, कारण ते रोखे मोठ्या प्रमाणात फ्रेंच आणि जर्मन बँकांकडे होते. बर्लिनच्या ईएसएमटी या व्यवस्थापन संस्थेने २०१६ मध्ये ग्रीसला मिळालेल्या पहिल्या दोन पॅकेजांतल्या सुमारे २१६ अब्ज युरोंचा माग काढला. पाच टक्क्यांहून कमी रक्कम ग्रीक सरकारच्या रोजच्या खर्चासाठी उरली होती. बाकी जुनी देणी, व्याज आणि बँकांची भांडवलभरती यांत गेली. ग्रीक पेन्शनरांना युरोप पोसतो आहे, असे तेव्हा वर्तमानपत्रे सांगत होती.

कपात कशावर पडते, हा प्रश्न आकड्यांच्या वादात नेहमी मागे राहतो. जे खर्च बंद पडले तरी त्याच दिवशी कुणी ओरडत नाही, त्यांच्यावर कुऱ्हाड आधी पडते. १९७४ मध्ये ग्रीसमधून हद्दपार झालेला मलेरिया २०११ मध्ये लाकोनिया भागात स्थानिक संसर्गातून पुन्हा पसरला. अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची नवी प्रकरणे वर्षाला वीसच्या आत असत, ती २०१२ मध्ये चारशेंवर गेली. स्वच्छ सुया वाटणे हे आरोग्यखात्याचे सर्वांत स्वस्त काम असते आणि तेच अपुरे पडले होते. रेल्वेचे मनुष्यबळ घटत गेले. अथेन्स-थेस्सालोनिकी मार्गावरच्या सिग्नलयंत्रणेच्या दुरुस्तीचे कंत्राट २०१४ मध्ये झाले होते, पण २८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री तेम्बी इथे प्रवासी गाडी आणि मालगाडी एकाच रुळावर समोरासमोर आल्या, तेव्हाही ते काम अपुरेच होते. ५७ माणसे गेली, त्यांत विद्यार्थी पुष्कळ. दोष अनेकांचा होता, दिरंगाईचा आणि गैरकारभाराचाही. पण देखभालीचा पैसा वर्षानुवर्षे थांबवला, तर त्याची वसुली अशीही होते, हे त्या अपघातानंतर ग्रीसच्या रस्त्यांवर उतरलेल्या लाखो लोकांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

आज ग्रीस सावरला आहे, असे म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. कर्जाचे प्रमाण २०२० मधल्या २०० टक्क्यांहून अधिक पातळीवरून उतरून २०२४ मध्ये १५५ टक्क्यांच्या आत आले. २०२३ मध्ये त्याच्या रोख्यांना पुन्हा गुंतवणूकयोग्य दर्जा मिळाला. कर आता संगणकावर भरला जातो, कार्डाने होणारे व्यवहार लपत नाहीत, करचुकवेगिरीला आळा बसला आहे. पिरेयसचे बंदर गजबजले आहे. या सुधारणा हव्याच होत्या आणि संकटाशिवाय त्या झाल्या असत्या असे मला वाटत नाही. पण करवसुली सुधारणे आणि किमान वेतन पाडणे ही दोन वेगळी औषधे होती. एकाचा गुण दुसऱ्याच्या नावावर जमा करता येणार नाही. कर्जाचे प्रमाण वेगाने घसरले ते महासाथीनंतर, जेव्हा युरोपने काटकसरीचे नियम बाजूला ठेवले, सामाईक निधीतून ग्रीसला सुमारे ३६ अब्ज युरोंचे अनुदान आणि कर्ज देऊ केले आणि महागाईने छेद फुगवला. एवढे होऊनही महागाई वगळता ग्रीसचे उत्पादन अजून २००८ च्या पातळीला पोचलेले नाही. दरडोई क्रयशक्तीत तो युरोपीय संघाच्या तळाशी बल्गेरियाच्या जोडीने आहे.

२० ऑगस्ट २०१८ रोजी ग्रीस त्रोइकाच्या कार्यक्रमांतून बाहेर पडला. त्याआधी जूनमध्ये युरो गटाच्या अर्थमंत्र्यांनी दुसऱ्या पॅकेजातल्या सुमारे ९६ अब्ज युरोंच्या कर्जाची मुदत दहा वर्षांनी वाढवली आणि त्यावरचे व्याज २०३२ पर्यंत पुढे ढकलले. कपातीने फिटले नाही ते कर्ज सवलतीने सुसह्य झाले. हीच सवलत आठ वर्षे आधी दिली असती, तर २०१० मध्ये विशीत असलेली ग्रीक मुले आपल्या देशातच कामाला लागली असती.