होडी शाकारली, बॅटरीचं काय?

जूनच्या सुरुवातीला मासेमारीबंदी लागते आणि मालवण, तळाशील, देवबागच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारल्या जातात. जाळी विणून होतात, इंजिनाला तेलपाणी होतं. बॅटरी मात्र पडवीच्या कोपऱ्यात पडून राहते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास चावी फिरवावी, तर इंजिन नुसतं 'टक्' करून गप्प. बॅटरी जुनी झाली असं म्हणून आपण नवी आणतो. पण पुष्कळदा ती वापरून झिजलेली नसते, रिकामी ठेवल्यामुळे गेलेली असते.

आत काय घडतं?

12 व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात सौम्य गंधकाम्लात शिशाच्या प्लेटा. वीज खर्च होते तसं दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. ताजं असताना ते बारीक असतं आणि चार्जिंग केलं की निघून जातं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि मग साधा चार्जर त्यांना हलवू शकत नाही. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच सल्फेशन म्हणतात.

किती भरली आहे?

चार्जिंग थांबवून, तारा सोडवून बॅटरी काही तास तशीच ठेवा आणि मग मल्टीमीटर लावा. 12.6 ते 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी आणि 12 म्हणजे जेमतेम पाव. आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा वेगळा तपासता येतो. पाच कप्प्यांत तरंगणी सारखी उभी राहिली आणि सहाव्यात खाली बसली, तर दुखणं त्या सहाव्यात आहे.

चार्जिंग कसं करावं?

होडीवरून उतरवलेली बॅटरी आधी पूर्ण भरा आणि मगच ठेवा. नुसती ठेवलेली बॅटरीही आतल्या आत उतरत जाते, म्हणून महिन्यातून एकदा पुन्हा भरा. करंट क्षमतेच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असावा, म्हणजे 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 10 अँपिअर. आपोआप न थांबणारा चार्जर रात्रभर लावून झोपू नका. जास्त चार्जिंगने पाणी आटतं आणि प्लेटा खराब होतात.

घरातल्या इन्व्हर्टरलाही हेच लागू आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा इथल्या अनेक गावांत काही दिवस वीज नव्हती. अशा वेळी दोन दिवे आणि मोबाईल एवढ्यावर भागवा, पंखा-टीव्ही बंद ठेवा. बॅटरी पार रिकामी होऊ देऊ नका आणि वीज आली की आधी ती पूर्ण भरू द्या.

पाणी कोणतं?

फक्त डिस्टिल्ड वॉटर. किनाऱ्याजवळच्या विहिरींच्या पाण्यात क्षार असतात आणि ते प्लेटा खातात. पाणी चार्जिंग झाल्यावर, खुणेपर्यंतच घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं आधी घालून मग चार्ज करा. अ‍ॅसिड वरून घालू नका, कारण आटतं ते पाणी, अ‍ॅसिड नाही.

खारी हवा आणि उष्णता

टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड दिसली की समजा, करंटची वाट अडते आहे. आधी ऋण टोकाची तार काढा. कप्प्यांची झाकणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल घासा, कोरडं करा, तारा आवळा आणि वर व्हॅसलिन लावा.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. म्हणून खोली हवेशीर हवी आणि जवळ बिडी, निरांजन काही नको. तापणाऱ्या पत्र्याखालीही बॅटरी ठेवू नये. तापमान 10 अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

एवढं करूनही ती संपलीच, तर खाडीकाठी टाकू नका, विक्रेत्याला परत द्या. शिसं विषारी आहे आणि ज्या पाण्यावर आपलं पोट आहे, त्यातच ते उतरतं.

जाळी विणायला बसाल त्या दिवशी बॅटरीलाही मीटर लावा. पावसाळ्यात दोन-तीनदा केलेली एवढी देखभाल तिची वर्षं वाढवते.