गिरणीवाल्याची हाक आणि बारा मीटरची सळई

जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात. बाजारात सळई साधारणपणे १२ मीटर लांबीची मिळते. समजा, तिच्यातून ३.५ मीटरचे लांब आणि २.५ मीटरचे आखूड तुकडे हवे आहेत. कमीत कमी लोखंड वाया जावे, तर कोणते किती कापाल?

१२ ला ३.५ ने भागले तर ३.४३ येतात. पण ०.४३ तुकडा कोण घेणार? तीन कापले, तर दीड मीटर उरते. ते पुन्हा भट्टीत जाईल हे खरे, पण वीज दुसऱ्यांदा जळेल!

अशा पूर्णांकी कोड्यांसाठी एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी १९६० साली एक युक्ती प्रसिद्ध केली. लांब तुकडे ३.४३ आले ना? मग दोन फांद्या पाडा: 'तीन किंवा कमी' आणि 'चार किंवा जास्त'. चारांना १४ मीटर लागतात, म्हणून ती फांदी छाटली. पहिल्या फांदीत तीन लांब आणि ०.६ आखूड येतात. पुन्हा फांद्या: 'आखूड शून्य' आणि 'आखूड एक किंवा जास्त'. पहिलीत १०.५ मीटर कामी येतात. दुसरीत लांब तुकडे २.७१ बसतात. तीन बसत नाहीत, म्हणून दोन घ्या. उरलेल्या पाच मीटरमध्ये दोन आखूड. झाले पुरे १२ मीटर!

फांद्या फुटतात त्या प्रत्येक जागेला नोड म्हणतात. मोठ्या मागणीत 'एका सळईतून किती तुकडे' आणि 'तशा किती सळया' हे दोन्ही अज्ञात असतात. त्यांचा गुणाकार आला की गणित अरेषीय होते आणि नोड लाखांवर जातात. (१९८४ साली नरेंद्र करमरकर यांनी मांडलेल्या रीतीने ज्या अंतर्बिंदू पद्धतींना जोर आला, त्या आज नोडवरचे अपूर्णांकी गणित सोडवायला वापरतात.)

आता गिरणीत चला. दळणाचा डबा ठेवून आपण सांगतो, "दादा, आमचा नंबर आला की हाक मारा. जाड की बारीक, ते मी सांगेन." संगणकालाही असेच सांगता येते. आपण लिहिलेला छोटा आज्ञासंच त्याच्याकडे ठेवायचा. नोड आला की तो त्याला हाक मारतो. याचे नाव कॉलबॅक फंक्शन. काही आज्ञावलींत हाक आल्यावर फक्त पाहता आणि थांबवता येते. काहींत पुढचा नोड निवडता येतो, फांदी छाटताही येते. वरच्या कोड्यात १२ मीटर जमताच 'थांब' म्हणणे शहाणपणाचे, कारण सळईच तेवढी आहे.

पण समजा, १०.५ पाहून आपण सांगितले, "तीनपेक्षा कमी लांब तुकड्यांची फांदी सोडून दे." संगणक वाद घालत नाही. दोन लांब, दोन आखूड हे उत्तर त्या फांदीबरोबर गेले, आणि 'सर्वोत्तम उत्तर १०.५ मीटर' असे तो बिनदिक्कत छापून देईल.