लाटांनी घडविलेली भूमी

मालवणच्या दक्षिणेस देवबाग नावाचे गाव आहे. त्याच्या एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर माडांच्या बागा आहेत, घरे आहेत, होड्या ओढून ठेवलेल्या आहेत. ही सारी भूमी लाटांनी आणून टाकली आहे, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल.

लाट दुरून येताना पाहिली, की पाणीच धावत येत आहे असा भास होतो. वस्तुतः खोल समुद्रात पाणी जवळजवळ जागच्या जागीच वर्तुळाकार फिरत असते. लाटेवर एखादा नारळ तरंगत असेल तर पाहा : लाट त्याच्या खालून निघून जाते, नारळ मात्र तेथेच डोलत राहतो. उथळ पाण्यात शिरल्यावर लाटेचा वेग मंदावतो, तिचा माथा उंचावतो आणि पुढे झुकून फुटतो. १ मीटर उंचीची लाट साधारणपणे सव्वा मीटर खोलीच्या आसपास फुटते. मग मात्र पाणी खरोखरच पुळणीवर धाव घेते. येताना ते वाळू आणते. परतताना काही घेऊनही जाते.

या देवघेवीचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात उंच लाटा एकीमागून एक आदळतात आणि पुळणीवरील वाळू ओढून नेतात. ती वाळू बहुतांशी थोड्याच अंतरावर पाण्याखाली दांड्याच्या रूपाने साठते. मोठ्या लाटा त्या दांड्यावरच फुटू लागतात आणि किनाऱ्यावरचा मार हलका होतो. गेली असे वाटणारी वाळूच बाहेर उभी राहून किनारा राखते! पावसाळा सरला, की सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून घालतात.

लाटा बहुधा तिरप्या येतात. पाणी पुळणीवर तिरके चढते आणि उताराने सरळ खाली येते. त्यामुळे वाळूचा कण करवतीच्या दात्यांसारख्या वाटेने किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत जातो. खाडीच्या मुखाशी किनारा वळतो, पण वाळूचा ओघ सरळच पुढे जातो आणि तेथे साठून दांडा वाढत राहतो. देवबागची पट्टी याच जातीची.

अशा भूमीवर राहणे सोपे नाही. उधाणात समुद्र घरांजवळ येतो, माड उन्मळून पडतात. म्हणून तेथे दगडी बंधारे घातले आहेत. बंधाऱ्यामागची जमीन वाचते खरी. तथापि त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उपसते. बंधारा घालण्यापूर्वी वाळू कोठून येते व कोठे जाते, याचा माग निदान वर्षभर तरी काढावा लागतो. कारण मे महिन्यात रुंद दिसणारी पुळण ऑगस्टमध्ये पुष्कळशी पाण्याखाली गेलेली असते.