आजोबांच्या सायकलीला मोटर: आधी ब्रेक, मग बॅटरी

तुमच्या पडवीच्या कोपऱ्यात, कडब्याच्या पेंढ्यांआड एखादी काळी सायकल उभी आहे का हो? दांडीची, जाड नळ्यांची, रॉडच्या ब्रेकची? तिच्यावरून आजोबांनी बाजार केला, वडिलांनी डेअरीला दूध घातले. घरात मोटारसायकल आली आणि ती भिंतीला टेकली ती टेकलीच. या सायकलीला विजेची मोटर लावता येते. हायस्कुलात जाणाऱ्या मुलीची सहा-सात किलोमीटरची चढण त्यामुळे सोपी होते. पण आधीच सांगून ठेवतो, सायकल पळवणे सोपे आहे, थांबवणे अवघड.

ही कल्पना काही कालची नव्हे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन याला मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटर असलेल्या सायकलीचे पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले. अडत होते ते जड बॅटरीपाशी. हलकी लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती १९९१ साली. म्हणून शंभर वर्षांपूर्वीची युक्ती आज आपल्या दारी आली आहे.

पहिले काम: सायकलीची तब्येत

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, पाय पाहतो. इथेही तसेच करा. सायकल उलटी करून धुऊन काढा. जिथे नळ्या एकमेकींना मिळतात तिथे आणि पुढच्या चिमट्याच्या मुळाशी गंज खरवडून पाहा. वरवरचा तांबूस गंज चालेल. पत्रा पापुद्र्यासारखा सुटत असेल, चीर दिसत असेल किंवा चिमटा वाकलेला असेल, तर मोटरीचा नाद सोडा. चिमट्याचे आणि चाकांचे छर्रे बदला, नवे ग्रीस भरा. जुन्या नळीला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. काढलेले सुटे भाग एका पोत्यात बांधून ठेवा. उद्या वाटले तर आजोबांची सायकल होती तशी उभी करता आली पाहिजे.

दुसरे काम: ब्रेक

साधी सायकल ताशी बारा किलोमीटरने जाते, मोटरीची चोवीसने. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला जागा चौपट लागते. त्यात रॉडचे ब्रेक लोखंडी रिमला आतून घासतात, आणि रिम ओली झाली की ते नुसते सरकतात. आषाढात उतारावर म्हैस आडवी आली तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

या जुन्या रिमवर बाजूने पकडणारे तारेचे ब्रेक नीट बसत नाहीत. मागे मोटरीमुळे नवी रिम येतेच. ती सपाट बाजूची घ्या. पुढेही तशीच ॲल्युमिनियमची रिम घाला, नाहीतर ड्रम-ब्रेकचे चाक बसवा. तारेच्या ब्रेकचा आणखी एक फायदा आहे. किटबरोबर येणारी मूठ दाबताच मोटरीची वीज तुटते. रॉडच्या ब्रेकला ती सोय नसते, म्हणजे एकीकडे ब्रेक लागतोय आणि दुसरीकडे मोटर ढकलतेय, अशी गत होते. चांगले ब्रेक बसवायला जागाच नसेल, तर त्या सायकलीला मोटर लावू नका.

तिसरे काम: मोटर

अडीचशे वॅटची मोटर पुरे. दोन-तीन माणसांनी मिळून पायडल मारावे एवढे तिचे बळ असते. ती मागच्या चाकात घ्या. जुना पुढचा चिमटा तिचा जोर सोसेलच असे नाही. मोटरीला बहुधा ३६ आरे लागतात, जुन्या रिमला मात्र पुढे ३२ आणि मागे ४० भोके असतात. म्हणून चाक नवेच बांधावे लागते. मोटरीच्या चाकाला बहुधा १३५ मिलिमीटर जागा हवी, आणि जुन्या सायकलीची जागा त्याहून अरुंद असते. ती रुंदवण्याचे काम जाणत्या कारागिराकडून, न तापवता, दोन्ही बाजूंनी सारखे करून घ्या. आख जागेवर फिरू नये म्हणून टॉर्क-आर्म नावाची पोलादी पट्टी मिळते, ती विसरू नका. मोटरीची वायर कशी सोडवायची हेही शिकून घ्या, नाहीतर पंक्चर काढताना अडाल.

चौथे काम: बॅटरी

३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. अधूनमधून पायडल मारत गेलात तर किलोमीटरला १२ ते १५ वॅट-तास धरा. म्हणजे २४ ते ३० किलोमीटर. भरायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. लिथियमची बॅटरी सुमारे तीन किलोची. तेवढीच वीज साठवणारी शिशाची दहा-बारा किलोची. लिथियम महाग खरी, पण जुन्या सायकलीवर वजन हाच शत्रू.

बॅटरी गोठ्यात, कडब्याजवळ किंवा झोपायच्या खोलीत भरू नका. किटबरोबरचाच चार्जर वापरा आणि घरची माणसे जागी असताना लावा. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. पावसाच्या सरीने मोटर बिघडत नाही. पण ओढ्याच्या पाण्यात चाक बुडवू नका.

कायद्याचे दोन शब्द

मोटर अडीचशे वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक असेल, तर मान्यताप्राप्त अशा वाहनाला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. किट घेताना चाचणी-संस्थेच्या मान्यतेचा कागद मागा. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक संस्था. दुकानदार जास्त वेगाचे आमिष दाखवील. त्याला सरळ नाही म्हणा.

सगळे जमले की एक परीक्षा घ्या. मोकळ्या रस्त्यावर सायकल वेगात आणा, ब्रेक लावा आणि थांबेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. मग तांब्याभर पाणी दोन्ही रिमवर ओतून तेच पुन्हा करा. ओल्या रिमवर अंतर फारच वाढले तर पुन्हा कारागिराकडे जा. परीक्षेत सायकल पास झाली की मगच ती मुलीच्या हाती द्या. आजोबांनी जपलेल्या सायकलीने आता नातीला जपले पाहिजे.