सुप्याचा कोरडा वारा
जुलैत पुणे-नगर रस्त्यावरून जाताना सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या गरगर फिरत असतात आणि खाली पारनेरची शिवारं पावसासाठी खोळंबलेली. वारा तोच, अरबी समुद्रावरून आलेला. सह्याद्री चढताना तो गारठतो, बहुतेक पाऊस घाटमाथ्यावरच सांडतो. अलीकडे उतरताना हवा दाबली जाऊन तापते. कोरडी हवा तर दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी. मग ढग विरतात. म्हणून अंदाजात नुसतं ‘ढगाळ, वाऱ्याचा जोर’ असेल, तर पेरणीची घाई नको. पवनचक्कीवाल्यांची मात्र चांदी: वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली ऊर्जा आठपट! सुप्याकडचा भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरात, हा पश्चिमेचा जोर ओसरू लागल्यावर, गडगडाटासह येतो.