सराफ्यातल्या रात्रीसाठी लेन्स

इंदूरच्या सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटली की खाऊगल्ली जागी होते. भुट्ट्याच्या किसाची वाफ, जिलेबीची कढई, पिवळे दिवे. आणि कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या १८-५५ लेन्सने काढलेला फोटो हललेला! ३५ मिलिमीटरला तिचं छिद्र साधारण एफ ४.५ पर्यंतच उघडतं. एफ १.८ ची लेन्स सुमारे सहापट प्रकाश घेते, कारण प्रकाश छिद्राच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. म्हणून शटर १/१० ऐवजी १/६० सेकंदात मिटतं. ५० ची लेन्स स्वस्त पडते, पण अरुंद गल्लीत मागे सरकायला जागा कुठे? मी ३५ चीच घेईन. सिरपूर तलावावरच्या पक्ष्यांना मात्र ३०० तरी हवी. बॅग साधी चालेल. पण पावसाळ्यात लेन्स तिच्यात कोंडू नका, काचेवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.